मोटारीतील ध्वनी व दोषनिदान : एका श्रवणविद्येचा इतिहास

१

तंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यास जी साधने सामान्यतः उपलब्ध होतात, ती बहुतांशी दृश्य स्वरूपाची असतात. यंत्रांचे आराखडे, पेटंटांची कागदपत्रे, कारखान्यांतील नोंदी, छायाचित्रे आणि संग्रहालयांतून जपून ठेवलेली प्रत्यक्ष यंत्रे यांच्या आधारे तो आपली मांडणी करतो. परंतु यंत्र चालू असता त्यातून जो आवाज निघत असे, तो त्या यंत्राबरोबरच थांबलेला असतो. संग्रहालयातील मोटार मुकी असते. असे असूनही मोटारीच्या पहिल्या शतकात, तिच्या पोटात काय बिघडले आहे हे ठरविण्याचे मुख्य साधन कान हेच होते. गिअरबॉक्स उघडणे हे दिवसभराचे काम. ती उघडावयाची की नाही, हा निर्णय मात्र काही क्षणांत आणि तोही ऐकून करावा लागे. अर्थात हे ऐकणे म्हणजे केवळ कानावर आवाज पडू देणे नव्हे. कोणता आवाज केव्हा होतो, केव्हा थांबतो आणि कशाबरोबर बदलतो, यावरून न दिसणाऱ्या भागाविषयी अनुमान करणे, असे त्याचे स्वरूप होते.

प्रस्तुत लेखात एंजिनापासून चाकांपर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेपुरता, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकांच्या आसांपुरता विचार करावयाचा आहे. त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. या श्रवणविद्येची रचना कशी बनली, हा पहिला. आणि ती कोणाच्या मालकीची होती, हा दुसरा. दुसरा प्रश्न वरवर पाहता गौण वाटेल. तथापि यंत्राचा आवाज ज्याला कळतो तोच दुरुस्तीचा निर्णय करतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या प्रश्नामागे सत्ता आणि विश्वास यांचाच प्रश्न उभा आहे, हे सहज लक्षात येईल.

२

आवाजावरून आतील हालचाल ओळखावी, ही कल्पना मोटारीहून दोन शतकांनी जुनी आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांचे मरणोत्तर प्रसिद्ध झालेले लेखन इ. स. १७०५ मध्ये बाहेर पडले. घड्याळातील चक्रांची गती जशी कानाने कळते, तशी इतर पदार्थांच्या अंतर्भागातील हालचालही त्यांच्या आवाजावरून ओळखता येणे शक्य आहे, असा विचार त्यात त्यांनी मांडलेला आढळतो. एका योगायोगाची येथे नोंद करणे उचित होईल. दोन आस एकमेकांशी कोन करून असताना एकाची फिरकी दुसऱ्यास देणारा जो सांधा हुक यांनी १६७० च्या दशकात वर्णिला, तोच पुढे मोटारीच्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना बसला. आणि तो झिजला म्हणजे होणारा ठोका हा मोटारीच्या निदानशास्त्रातील अगदी प्राथमिक धडा ठरला.

वैद्यकाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. ऑस्ट्रियातील औएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून परीक्षा करण्याची रीत १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले, आणि १८१९ मध्ये श्रवणपरीक्षेवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यांचे खरे कार्य नळीच्या शोधापुरते मर्यादित नाही. ऐकलेल्या आवाजांना त्यांनी नावे दिली, त्यांचे वर्ग पाडले, आणि शवविच्छेदनात दिसलेल्या विकृतीशी त्यांची सांगड घातली. ध्वनीवरून निदान करणाऱ्या प्रत्येक विद्येस या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. मोटारीच्या मिस्त्रीनेही हेच केले. त्याचे शवविच्छेदन म्हणजे उघडलेली गिअरबॉक्स. बेअरिंगच्या गोळ्यांवर पडलेले खड्डे किंवा दात्याची उडालेली कड डोळ्यांनी पाहिल्यावर, आदल्या दिवशी ऐकलेला आवाज त्याच्या मनात त्या खड्ड्याशी कायमचा जोडला जाई.

नावांच्या बाबतीत तर दोन्ही विद्यांची अडचण एकच होती. लाएनेक यांनी फुफ्फुसातील आवाजासाठी जो फ्रेंच शब्द वापरला, तो मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजाचाही वाचक असल्यामुळे रुग्ण घाबरत. म्हणून रुग्णासमक्ष त्यांनी दुसरा शब्द योजला. मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘घरघर’ हा आपला शब्द जात्याला, चाकाला आणि अखेरच्या श्वासाला सारखाच लागतो, आणि घरघर लागलेली संस्था वा राजवट फार दिवसांची सोबती नसते, हे आपण जाणतो. खडखड, करकर, कुरकुर, किणकिण, टकटक, गुणगुण अशा अनुकरणवाचक शब्दांची मराठीत विपुलता आहे. परंतु एकाची करकर ती दुसऱ्याची कुरकुर असू शकते. म्हणून केवळ शब्दाने निदान होत नाही. शब्दाला प्रसंगाची जोड लागते. ही जोड मोटारीच्या रचनेतूनच कशी मिळाली, ते आता पाहावयाचे आहे.

३

पॅरिस येथील पानार व लव्हासोर या कारखान्याने १८९१ च्या सुमारास मोटारीस जी मांडणी दिली, तीत एंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दंतचक्रांची गिअरबॉक्स आणि शेवटी मागील चाके असा क्रम होता. चाकांपर्यंतचे अखेरचे वहन साखळीने होई. या मांडणीमुळे शक्तीचा प्रवास एका रेषेत आला, आणि त्या रेषेवरील एकेक भाग क्रमाक्रमाने चालू अथवा बंद करून पाहणे शक्य झाले. निदानाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते.

दुसरी पायरी लुई रेनो यांनी गाठली. १८९८ च्या अखेरीस त्यांनी बांधलेल्या लहान गाडीत वरच्या गिअरमध्ये एंजिनाची शक्ती मधल्या दंतचक्रांना वळसा घालून सरळ पुढे जाई, आणि तेथून ती शाफ्टने मागील आसाकडे नेली जाई. सरळ वहनाच्या या योजनेचे पेटंट त्यांनी १८९९ मध्ये घेतले. योजनेचा हेतू शक्तीचा अपव्यय टाळण्याचा होता. परंतु तिचे एक अनपेक्षित फळ असे की, ऐकणाऱ्यास एक तुलना आयती मिळाली. खालच्या गिअरांत येणारा आवाज वरच्या सरळ गिअरमध्ये नाहीसा झाला, तर दोष भार घेणाऱ्या मधल्या शाफ्टवर, त्याच्या दात्यांत अथवा बेअरिंगांत आहे. तो सर्व गिअरांत सारखाच राहिला, तर गिअरबॉक्सच्या पुढे किंवा मागे शोध घ्यावा, असे अनुमान करता येऊ लागले.

अशा अनुमानांची एक साखळीच पुढे तयार झाली. गाडी उभी, एंजिन चालू आणि गिअर सुटा असताना गिअरबॉक्समधील पहिला व मधला शाफ्ट फिरत असतात. या स्थितीत येणारी घरघर क्लचचा पायदाब दाबताच थांबली, तर ती त्या शाफ्टांच्या बेअरिंगांची होय, कारण पायदाब दाबल्यावर ते फिरावयाचे थांबतात. याउलट पायदाब दाबताच किंकाळी सुरू झाली, तर संशय क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर जातो, कारण त्याच क्षणी त्याच्यावर भार येतो. गाडी जागेवरून हलताना, अथवा वेग देऊन लगेच काढून घेताना, एकच बोथट ठोका ऐकू आला, तर शक्तीच्या वाटेवर कोठेतरी सैलपणा साठलेला असतो. तो बहुधा शाफ्टच्या सांध्यात किंवा मागील दंतचक्रांत सापडतो. केवळ वळणावर होणारा आवाज डिफरन्शियलमधील लहान दंतचक्रांकडे बोट दाखवितो, कारण सरळ रस्त्यावर ती एकमेकांच्या सापेक्ष फिरतच नाहीत. चाकाच्या बेअरिंगची गुणगुण गाडी उजवीकडे वळविताच वाढली, तर डाव्या बाजूचे बेअरिंग तपासावे, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

ही सर्व अनुमाने पाहिली असता असे दिसते की, त्यांत आवाजाच्या प्रतीला दुय्यम स्थान आहे. मुख्य स्थान आहे ते अन्वय-व्यतिरेकाला : अमुक स्थिती असता आवाज असतो, ती नसता नसतो. आपल्या न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना ही पद्धती अपरिचित नाही. गॅरेजातील मिस्त्रीने तिला नाव दिले नसेल. परंतु हात न लावता दोषस्थान निश्चित करण्याचे त्याचे कौशल्य याच पद्धतीवर उभे होते.

आवाजाची प्रत ही दुसरी खूण. तिलाही गणिताचा आधार आहे. प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला १८०० वेळा, म्हणजे सेकंदाला ३० वेळा फिरत आहे, मागील आसाच्या पिनियनला १० व क्राऊनला ४० दाते आहेत, आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे असे समजू. चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरेल व गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर येईल. आता चाकाशी निगडित दोष सेकंदाला साडेसात वेळा जाणवेल. शाफ्टचा तोल गेला असेल तर तो ३० वेळा. हुकच्या सांध्याचा कोन बिघडला असेल तर ६० वेळा, कारण कोनात फिरणारा हा सांधा दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. आणि दात्यांचे मेळण बिघडले असेल तर ३०० वेळा. पहिला दोष अंगाला धक्क्यांच्या रूपाने कळतो, दुसरा व तिसरा आसनाच्या थरथरीने व घुमण्याने, तर चौथा स्पष्ट सुराच्या रूपाने कानाला. मिस्त्री हे आकडे मांडीत नसे. पण ठोका, थरथर, घुमणे आणि सूर हा जो भेद तो करी, त्याच्या मुळाशी हेच गणित होते.

४

आरंभीच्या काळात हे ज्ञान चालकाकडे असणे अपरिहार्य होते. सरकत्या दंतचक्रांचा गिअर बदलताना दोन्ही चक्रांची गती जुळली नाही, तर दाते एकमेकांवर खरडत. ती जुळविण्यासाठी क्लच दोनदा दाबणे आणि मधल्या क्षणी एंजिनाचा वेग कानाने अजमावणे आवश्यक असे. गाडी चालविणे आणि गाडी ऐकणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच. श्रीमंत मालकाने पगारी चालक ठेवला की हे ज्ञान मालकाच्या हातून जाई. अमेरिकेत या शतकारंभीच्या स्थितीचा केव्हिन बोर्ग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर परामर्श घेतला आहे. घोडागाडीच्या सारथ्याची जागा घेणारा हा नवा नोकर यंत्राच्या ज्ञानामुळे मालकास जुमानीनासा झाला, गॅरेजवाल्यांकडून दुरुस्तीवर दलाली घेऊ लागला, आणि ‘शोफरचा प्रश्न’ म्हणून तो चर्चेचा विषय झाला. सामाजिक उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्या माणसाचा कान वरच्या पायरीवरील माणसाच्या पैशावर अंकुश ठेवू लागला, हा या वादाचा मथितार्थ म्हणावा लागेल.

मालकांनीही आपल्या परीने हे ज्ञान मिळविण्याचा प्रयत्न केला. सेंट लुईस येथील ए. एल. डाइक यांचा मोटारविषयक कोश १९११ पासून अनेक आवृत्त्यांतून निघत राहिला. अशा पुस्तकांतून बिघाड, त्याची लक्षणे व उपाय यांची मांडणी केलेली असे. छापील पुस्तकातून आवाज शिकविण्याची मर्यादा उघड आहे. परंतु वर सांगितलेली अन्वय-व्यतिरेकाची पद्धती मात्र पुस्तकातून शिकविता येते, आणि या ग्रंथांचे महत्त्व तेथेच आहे.

५

याच सुमारास कारखान्यांनी शांततेचा ध्यास घेतला. रोल्स-रॉइसची १९०६-०७ मधील ‘सिल्व्हर घोस्ट’ ही गाडी तिच्या निःशब्दपणासाठी नावाजली गेली. चार्ल्स नाइट यांच्या सरकत्या नळीच्या झडपांचे एंजिन इंग्लंडमधील डेमलर कारखान्याने १९०८-०९ मध्ये स्वीकारले, ते मुख्यतः त्याच्या शांतपणामुळेच. परंतु एंजिन शांत होताच आजवर त्याच्या आवाजाखाली झाकलेली दंतचक्रे ऐकू येऊ लागली. एका ध्वनीने दुसरा झाकला जावा आणि पहिला ओसरताच दुसरा उघडा पडावा, ही घटना मोटारीच्या इतिहासात पुनःपुन्हा घडलेली दिसते.

सरळ दात्यांच्या चक्रात दात्याची संपूर्ण रुंदी एकदम भिडते, म्हणून तो आवाज तीव्र असतो. वक्र दात्याच्या क्राऊन-पिनियनची योजना पॅकार्ड कंपनीने १९१३ मध्ये केली. तीत दाता एका टोकापासून हळूहळू भिडत जातो. ग्लीसन कंपनीने १९२५ मध्ये हायपॉइड दंतचक्रे पुढे आणली आणि पॅकार्डने लगेच ती स्वीकारली. त्यांत पिनियनचा आस क्राऊनच्या आसाखाली येतो, त्यामुळे शाफ्ट व त्याबरोबर गाडीचा तळ खाली आणता आला, आणि आवाजही कमी झाला. मात्र दाते एकमेकांवर अधिक घसरत असल्याने त्यांना विशेष प्रकारचे वंगण लागू लागले. परिणामी निदानाच्या प्रश्नावलीत एका नव्या प्रश्नाची भर पडली : शेवटचे तेल कोणते घातले? पुढे १९२८ मध्ये अर्ल टॉम्प्सन यांची गती जुळविणारी सिंक्रोमेश रचना कॅडिलॅक गाडीत आली. चक्रांची गती कानाने जुळविण्याचे चालकाचे काम आता यंत्राकडे गेले. चालकाच्या कानाला मिळणारा रोजचा रियाज त्याबरोबर संपत चालला.

बंद गाड्यांच्या प्रसाराने हे स्थित्यंतर पूर्ण झाले. अमेरिकेत १९१९ मध्ये तयार होणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे एकदशांश बंद होत्या. १९२७ पर्यंत त्यांचे प्रमाण चारपंचमांशाच्या वर गेले. पोलादी पत्र्याच्या बंद पेटीत काही आवाज घुमू लागले, काही अडले गेले. ते दाबण्यासाठी नमदे व रबरी गाद्या आल्या. १९३० पासून मोटारीतील रेडिओचाही प्रसार होऊ लागला. कारिन बाइस्टरफेल्ड व त्यांचे तीन सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाचा मागोवा घेतला आहे. चालकाने आधी गाडी लक्षपूर्वक ऐकावी अशी अपेक्षा होती. पुढे त्याने ती ऐकणे सोडून द्यावे व बाहेरच्या जगापासून अलग अशा शांततेचा उपभोग घ्यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांपैकी स्टेफान क्रेब्ज यांनी जर्मनीपुरते असे दाखविले आहे की, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मिस्त्रींच्या व्यवसायाने स्वतःस संघटित केले आणि निदानार्थ ऐकण्याचा अधिकार तज्ज्ञाचा, असे प्रस्थापित केले. हस्तव्यवसाय चालविण्यास उस्तादपदाची परीक्षा आवश्यक करणारा जर्मन नियम १९३५ चा आहे.

ऐकण्याचा अधिकार असा एका पक्षाकडे गेल्यावर विश्वासाचा प्रश्न तीव्र होणे स्वाभाविक होते. १९४१ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकासाठी रॉजर रीस व जॉन पॅट्रिक यांनी अमेरिकेत एक पाहणी केली. सुस्थितीतील गाडीची एक विजेची तार मुद्दाम सोडवून ठेवून ती ३४७ गॅरेजांत दाखविण्यात आली. त्यांपैकी ६३ टक्के ठिकाणी फसवणूक अथवा अज्ञान यांचा अनुभव आला, असे त्यांनी प्रसिद्ध केले. हा दोष विजेचा होता, दंतचक्रांचा नव्हे. आणि ही पाहणी पत्रकारांची होती, शास्त्रीय कसोटीची नव्हे. तरीही ज्ञानाची असमान वाटणी झाली असता व्यवहार कसा बिघडतो, याचे ते बोलके उदाहरण आहे. सुटलेली तार डोळ्यांनी दिसू शकते. ज्याचा पुरावा केवळ आवाज आहे, अशा दोषाच्या बाबतीत ग्राहकाची स्थिती याहून कठीण होती, हे वेगळे सांगावयास नको.

६

वरील निष्कर्ष युरोप व अमेरिका यांच्या अनुभवावर आधारलेले आहेत. जेथे गाडी थोड्या वर्षांत बदलली जाते, तेथे चालकाने कान निवृत्त करणे परवडते. जेथे एकच गाडी पंधरावीस वर्षे राबविली जाते, तेथे ते परवडत नाही. मुंबईचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ला येथे उभा राहिला. जे उत्पादक देशातच भाग तयार करावयास तयार नव्हते, त्यांना येथे स्थान नाही, असे धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपले काम बंद केले. त्यानंतर तीन दशके भारतीय रस्त्यावर प्रवासी मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. प्रीमियरची फियाट ११०० ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर तर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत.

या दीर्घ स्थैर्याचा श्रवणविद्येवर काय परिणाम झाला असावा? एकच रचना पिढ्यानपिढ्या हाताखालून जात राहिली, म्हणजे तिच्या प्रत्येक आवाजाची ओळख पक्की होते, आणि ती उस्तादाकडून शागीर्दाकडे पुस्तकाच्या मध्यस्थीवाचून जाऊ शकते. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या चालकाला गाडी एक दिवस उभी राहणे म्हणजे एका दिवसाची मिळकत बुडणे होते. मागच्या आसाची घरघर अजून महिनाभर चालेल की उद्याच दाता तुटेल, हा त्याच्यापुढील प्रश्न कुतूहलाचा नव्हता. तो उदरनिर्वाहाचा होता. म्हणून चालकाचा कान निवृत्त झाला, हा पाश्चात्त्य अभ्यासकांचा निष्कर्ष सार्वत्रिक मानता येणार नाही. गाडीचे आयुष्य आणि चालकाची आर्थिक स्थिती या दोन घटकांची त्यास जोड द्यावी लागेल.

या स्थैर्यास पहिला मोठा धक्का डिसेंबर १९८३ मध्ये बसला. त्या वेळी रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीत एंजिन पुढील चाकांनाच गती देई. तीत लांब प्रोपेलर शाफ्ट नव्हता, मागील आसात क्राऊन-पिनियन नव्हते. त्याऐवजी पुढील चाकांना वळताही यावे व फिरताही यावे म्हणून समवेग सांधे होते. अशा सांध्यांची कल्पना नवी नव्हती. फ्रान्समधील ग्रेग्वार यांचा ट्रॅक्टा सांधा १९२६ चा, आल्फ्रेड र्‍झेप्पा यांचा गोळ्यांचा सांधा १९२० च्या दशकाच्या अखेरचा, आणि पुढील चाकांनी चालणारी सित्रोएनची प्रसिद्ध गाडी १९३४ ची. परंतु पद्मिनी व अँबॅसडर यांच्यावर तयार झालेल्या कानाला या रचनेचे व्याकरण नवीन होते. ठोका मागून येण्याऐवजी पुढून, आणि तोही चाक पूर्ण वळवून वेग देताना टकटक अशा मालिकेने येऊ लागला. त्याचा अर्थ बाहेरच्या सांध्याची झीज. रबरी आवरण फाटून वंगण बाहेर जाणे व धूळ आत शिरणे हे त्याचे नेहमीचे कारण. जुन्या विद्येतील शब्द येथे उपयोगी पडले नाहीत. पद्धती मात्र उपयोगी पडली : केव्हा होतो, केव्हा थांबतो, कशाने बदलतो?

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर एका पिढीच्या कानांचा अभ्यासविषयही गेला. अशा मिस्त्रींची व चालकांची स्मृती आणि त्या गाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम अजून हाती घेता येण्याजोगे आहे. आणखी वीस वर्षांनी ते तसे राहणार नाही.

७

कानाची जागा उपकरणांनी घेतली, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. फोक्सवागेन कंपनीने १९७१ मध्ये आपल्या गाड्यांना निदानयंत्र जोडण्यासाठी एक मध्यवर्ती जोडणी दिली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदानाची पहिली यंत्रणा सक्तीची झाली, आणि १९९६ पासून तिचे सुधारलेले रूप संपूर्ण अमेरिकेत लागू झाले. भारतात चारचाकी गाड्यांना अशी यंत्रणा २०१० व २०१३ या दोन टप्प्यांत आवश्यक झाली. या नियमांचा मूळ हेतू धुराचे प्रदूषण रोखणे हा होता. म्हणून ज्वलनाशी संबंधित दोष हे यंत्र तत्परतेने नोंदविते. स्वयंचलित गिअरबॉक्समधील काही दोषही ते नोंदविते, कारण तेथे विद्युत्-नियंत्रण आहे. परंतु झिजू लागलेले चाकाचे बेअरिंग, सैल झालेला सांधा किंवा क्राऊन-पिनियनचे बिघडलेले मेळण यांची नोंद त्यात सामान्यतः होत नाही, कारण त्या ठिकाणी जाणीव घेणारे साधनच बसविलेले नसते. उपकरण तेवढेच ऐकते, जेवढे ऐकण्यास त्याला कायद्याने अथवा रचनाकाराने सांगितलेले असते. दोषाचा संकेतांक नाही म्हणून दोष नाही, असे अनुमान करणे तर्कदुष्ट होय.

म्हणूनच गॅरेजात आजही लांब पेचकसाचे टोक गिअरबॉक्सच्या कवचावर टेकवून मूठ कानाशी धरणारा मिस्त्री दिसतो; वैद्याच्या नळीसारखी नळी किंवा गाडीच्या तळाला जागोजागी चिकटविता येणारे ध्वनिग्राहकही वापरले जातात. साधन बदलले, तरी एका जागचा आवाज दुसऱ्या जागच्या आवाजाशी ताडून पाहण्याची क्रिया तीच आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी तर या इतिहासाला एक नवे वळण दिले आहे. एंजिनाचा आवाज संपूर्ण नाहीसा झाल्याने दंतचक्रांची बारीक शीळ, टायरांची गुणगुण आणि बेअरिंगची घरघर पुन्हा उघडी पडली. शंभर वर्षांपूर्वी शांत एंजिनांनी जे केले, त्याचीच ही पुनरावृत्ती. दुसरीकडे पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी अशा गाड्यांनी मंद वेगात कृत्रिम आवाज केलाच पाहिजे, असा नियम युरोपीय संघात नव्या प्रकारच्या गाड्यांना जुलै २०१९ पासून लागू झाला. ज्या आवाजाच्या निर्मूलनासाठी एक शतक खर्ची पडले, तोच आता कायद्याने निर्माण करावा लागत आहे.

सारांश, मोटारीतील ध्वनिनिदानाचा इतिहास म्हणजे कानाकडून उपकरणाकडे झालेली सरळ प्रगती, असे मानणे युक्त होणार नाही. यंत्राच्या प्रत्येक नव्या रचनेने आवाजांची मांडणी बदलली. प्रत्येक बदलाबरोबर, कोणाला ऐकू येते व कोणाच्या ऐकण्यास मान आहे, हेही बदलले. मालक, पगारी चालक, परीक्षा उत्तीर्ण झालेला उस्ताद आणि अखेर संकेतांक दाखविणारे यंत्र, असा हा अधिकार फिरत गेला. या साऱ्या स्थित्यंतरांतून टिकून राहिली ती अनुमानाची पद्धती. ती कोणत्याही एका वर्गाची मिरास नाही. ती शिकविता येते, तपासून पाहता येते, आणि ती अवगत असलेल्या ग्राहकास दुसऱ्याच्या शब्दावर आंधळेपणाने विसंबावे लागत नाही. तंत्रविद्येच्या अभ्यासकांनी यंत्राच्या आकाराइतकेच त्याच्या आवाजाकडे आणि तो ऐकणाऱ्या, बहुधा अनामिक राहिलेल्या माणसांकडे लक्ष द्यावे, एवढेच या विवेचनाचे प्रयोजन आहे.